चाळीस ग्रॅम भात

मोजमाप ही मानवी संस्कृतीची पहिली पायरी आहे. ज्या दिवशी माणूस मोजायला लागला त्या दिवशी तो इतर प्राण्यांपासून वेगळा झाला, आणि ज्या घरात मोजमाप अचूक असते त्या घरात तंटा, रोग आणि पाहुणे फार दिवस टिकत नाहीत. हे विचार विश्वंभररावांनी हिंगोलीतल्या एका दवाखान्याच्या बाकावर, आपला नंबर येईपर्यंत, शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाला ऐकवले. गृहस्थाच्या दाढेला सूज होती, त्यामुळे त्याला विरोध करता आला नाही.

मग नंबर आला. डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहिला, चष्म्यावरून विश्वंभररावांच्या पोटाकडे पाहिले आणि विचारले, "भात किती खाता?"

"एक वाटी," विश्वंभरराव म्हणाले.

"कुठली वाटी?"

संस्कृतीची पहिली पायरी इथे निसटली. कारण विश्वंभररावांच्या घरात एकोणीस वाट्या होत्या आणि त्यातल्या कोणत्याही दोन सारख्या नव्हत्या. लग्न, वास्तुशांत, मुलीचे बारसे, अशा निमित्तांनी त्या आहेरात आलेल्या. प्रत्येकीवर देणाऱ्याचे नाव कोरलेले, आणि देणाऱ्याचा जिव्हाळा वाटीच्या खोलीवरून कळायचा. साखरा गावच्या चुलत्याने दिलेल्या वाटीत अंगठा बुडला की ती भरत असे. शिरड शहापूरच्या मामाने दिलेल्या वाटीत मांजराचे पिल्लू निजलेले नीलाबाईंनी स्वतः पाहिले होते. विश्वंभरराव भात मामाच्या वाटीने खात आणि डॉक्टरांना चुलत्याची वाटी सांगत.

"वाटीबिटी सोडा," डॉक्टर म्हणाले, "वजन करून खा. साखर काठावर आहे. दीड महिन्यानं दाखवा, न्हाईतर गोळी चालू करू." आणि त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला.

विश्वंभरराव एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर सत्तावीस वर्षे बसलेले. आलेल्या कागदाचा विषय पाहायचा, तारीख पाहायची, नंबर टाकायचा आणि पुढे पाठवायचा. कागद शेवटपर्यंत वाचणे हे ज्याच्याकडे तो जाईल त्याचे काम. त्यांनी विषय पाहिला, 'आहार तक्ता'. तारीख पाहिली. पहिली ओळ पाहिली, 'भात : ४० ग्रॅम, दोन वेळा'. तिच्याखाली तांबड्या पेनाने रेघ मारली आणि घरी येऊन तो कागद फ्रिजच्या दारावर लावला. कागद वाऱ्याने हलू नये म्हणून तळाशी गणपतीचे चुंबक दाबले.

आता काटा हवा.

भांड्यांच्या दुकानात मालकाने विचारले, "काटा काहून पायजे साहेब? सोनं का लेकरू?"

"भात."

मालकाने आपल्या दुकानदारीच्या आयुष्यात बरेच ऐकले असावे, कारण त्याने फक्त पापण्या मिटल्या आणि वरच्या फळीवरून तबकडीचा, स्प्रिंगचा काटा काढून दिला. विश्वंभररावांनी त्यावर आपला मोबाइल ठेवला. एकशे ऐंशी. उचलून परत ठेवला. दोनशे. तिसऱ्यांदा एकशे नव्वद.

"हे काय?"

"मोबाइल हलून राहिला साहेब."

"मोबाइल कसा हलेल? बंद आहे तो."

"मंग बंद करायच्या आदी हलला असंल. अन् धा-ईस ग्रॅमनं काय व्हतंय? भातच हाये ना?"

दहा-वीस ग्रॅमने काय होते! ज्याला एका वेळी चाळीसच मिळणार आहेत त्याचा निम्मा भात होतो. विश्वंभरराव काटा तिथेच ठेवून बाहेर पडले. अपमान गिळायला तोंड लागत नाही.

संध्याकाळी ही गोष्ट कॉलनीत पसरली. शेजारी रणजीत सर राहत. ते शाळेत खेळ शिकवीत, पण सल्ला कोणत्याही विषयावर देत. "भाऊसाहेब," ते कंपाउंडच्या भिंतीवर कोपर ठेवून म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. बारीक मोजणं येगळं आन् बराबर मोजणं येगळं. मी दरवर्षी शंभर मीटरचं मैदान आखतो. इंच न् इंच मोजून आखतो. अन् ते अठ्ठ्याण्णव मीटरचं हाय."

"मग दुरुस्त का करत नाही?"

"पोरांचे विक्रम मोडून राहिले ना त्याच्यावर."

ही गोष्ट विश्वंभररावांनी हसण्यावारी नेली. पुढे ती त्यांना वारंवार आठवायची होती.

शेवटी पुण्याला नोकरी करणाऱ्या अनुश्रीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, फोनवर सांगितले, "बाबा, ऑनलाइन मागवा. सपाट, डिजिटल, एकेक ग्रॅम दाखवणारा. आणि अभिप्राय वाचून घ्या." विश्वंभररावांनी चार दिवस अभिप्राय वाचले. एकाने लिहिले होते, 'फारच छान, अजून उघडला नाही.' दुसऱ्याने, 'रंग आवडला नाही म्हणून एक तारा.' तिसऱ्याने आपल्या मांजराचे वजन कळवले होते. एवढ्या मंथनातून त्यांनी एक काटा निवडला. पाच किलोपर्यंत मोजणारा, पात्राचे वजन वजा करून शून्यावर येणारा आणि मुख्य म्हणजे चुकला तर घरच्या घरी जुळवून घेता येणारा. या शेवटच्या गुणाने त्यांना विशेष भुरळ घातली. इतका समजूतदार स्वभाव त्यांना कार्यालयात कुठे दिसला नव्हता.

आठव्या दिवशी फोनवर एक अनोळखी आवाज आला. "सर, तुमचं पार्सल हाय. पण नकाशा तुमचं घर कनेरगाव नाक्याला दाखवून राहिला."

"मी हिंगोलीत राहतो."

"व्हय सर, पण नकाशा न्हाई म्हणतो. मी इथं खेमाच्या ढाब्यावर ठिवून देतो. तुमी या निवांत."

विश्वंभरराव निवांत नव्हे, रविवारी गेले. वाशीम रस्त्याने स्कूटर हाणीत ढाब्यावर पोचले, तेव्हा त्यांचे पार्सल कूलरच्या एका पायाखाली होते. "जमीन खालीवर हाय साहेब," खेमा म्हणाला, "चार दिवसांत कूलर अजाबात हलला न्हाई. लई बराबर मापाचा डबा हाय तुमचा."

चार दिवस कूलरखाली उभा राहिलेला काटा खरे सांगेल का? हा प्रश्न कोणत्याही विचारी माणसाला पडला असता. विश्वंभररावांना तर परतीच्या वाटेवर दुसरा विचारच सुचला नाही. घरी येताच त्यांनी काटा ओट्यावर ठेवला आणि त्यावर अर्ध्या लिटर दुधाची पिशवी ठेवली. पाचशे सतरा.

"बघ!" ते नीलाबाईंना म्हणाले. "पाचशे पाहिजे. बिघडला."

"दूध पाण्याहून जड असतं म्हणतात," नीलाबाई म्हणाल्या. "अन् पिशवीचं वजन?"

"सतरा ग्रॅमची पिशवी? पिशवी आहे की पोतं?"

नीलाबाईंनी पिशवी फोडली आणि चहा टाकला. त्यांचा असा स्वभाव होता की, बरोबर असल्यावर त्या बोलत नसत.

माहितीपत्रकात लिहिले होते, की बटण दाबून धरा, पडद्यावर १००० दिसेल, मग बरोबर एक किलोचे वजन ठेवा. वजन घरात होतेच. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला उघडे ठेवायला ते कित्येक वर्षे लावलेले असे. लोखंडी, काळे, वर कडी असलेले, विश्वंभररावांच्या आजोबांपासून चालत आलेले. श्रीखंडाच्या चक्क्यावर दाब द्यायलाही तेच. गंजलेल्या अंगावर वेलबुट्टीसारखी काहीतरी नक्षी होती. सगळे घर त्याला 'किलोचं वजन' म्हणे. विश्वंभररावांनी ते पुसले, काट्यावर ठेवले. काट्याने क्षणभर विचार केला, एक बारीक आवाज केला आणि मान्य केले.

"आता बरोबर," विश्वंभरराव म्हणाले.

पुन्हा तपासून पाहायला दूध उरले नव्हते. त्याचा चहा झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून घरात अचूकतेचे राज्य सुरू झाले. राज्य कोणतेही असो, पहिल्यांदा पंखा बंद होतो. पंख्याच्या वाऱ्याने आकडा दोनतीन ग्रॅम नाचे, म्हणून जेवण वाढताना पंखा बंद. एप्रिल महिना. विश्वंभररावांचा घाम ताटात पडू नये म्हणून नीलाबाई त्यांना टॉवेल देत, आणि टॉवेल काट्याला लागला की आकडा बदले. काटा दोन मिनिटे कोणी हात लावला नाही तर झोपी जाई, आणि जागा झाला की आधीचे सगळे विसरे. नीलाबाई म्हणाल्या, "घरात एक होता तसा, आता दोन झाले." चिमूटभर मीठ टाकले तर तो शून्यच दाखवी. "तुमच्या काट्याच्या हिशेबानं आमटी अळणी हाय," त्या म्हणाल्या. आमटी खारट होती. विश्वंभररावांनी शास्त्राचा मान राखून ती गुपचूप खाल्ली.

आणि भात! शिजलेला, वाफाळता भात काट्यावरच्या ताटलीत पडायचा. एक पळी, छत्तीस. पाव पळी, पंचेचाळीस. मग पाच ग्रॅम परत. चाळीस ग्रॅम भात म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून कळणार नाही. श्राद्धाला कावळ्यासाठी पान ठेवतात त्यावर याहून जास्त असतो. विश्वंभरराव तो भात चारी बाजूंनी पाहून घेत, त्यावर वरणाचा थेंब सोडत आणि तीन घासांत उठत. मग भाकरीकडे वळत. भाकरीही तोलूनच.

काट्याचा लळा लागला की माणूस पोटापुरते मोजून थांबत नाही. एका संध्याकाळी नीलाबाईंनी फारुकभाईंच्या दुकानातून किलोभर तांदूळ आणला. सहज म्हणून विश्वंभररावांनी तो काट्यावर ठेवला. एक हजार चौऱ्याहत्तर.

त्यांनी डोळे चोळले. पुन्हा ठेवला. एक हजार चौऱ्याहत्तर. मग तूरडाळीची अर्ध्या किलोची पुडी. पाचशे सदतीस. शेंगदाणे पाव किलो. दोनशे अडुसष्ट. औदार्य इतके प्रमाणात वाटलेले असते, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले.

"फारुकभाई जास्त देतात," ते हळूच म्हणाले.

"काटा खराब असंल," नीलाबाई म्हणाल्या.

"काटा मी स्वतः जुळवलाय."

"म्हणूनच म्हणते."

पण कुतूहल हे कुकरच्या वाफेसारखे असते, एकदा भरले की शिट्टी होणारच. फारुकभाईंचे किराणा दुकान कॉलनीच्या तोंडाशीच. आधी वडिलांचे, आता एकतीस वर्षे त्यांचे. दुकानाच्या भिंतीवर वडिलांनी रंगाने लिहून घेतलेले दोन शब्द अजून होते : 'माप बराबर'. या दोन शब्दांखेरीज दुकानाला दुसरी पाटी नव्हती आणि लागतही नव्हती. आता असा माणूस किलोमागे चौऱ्याहत्तर ग्रॅम जास्त का देईल? विश्वंभररावांना रात्रभर, म्हणजे साडेदहापर्यंत, झोप आली नाही.

सकाळी त्यांनी ही शंका गंगूताईंना विचारली. गंगूताई वरच्या मजल्यावर राहत. सत्तरीच्या, देवळात पुराण ऐकणाऱ्या, आणि ऐकलेले पुढे पोचवण्यात कसूर न करणाऱ्या. "पुण्य जोडून राहिला असंल," त्या म्हणाल्या. "बोलू नका कोनाला. गुप्तदान बोलल्यानं सरतं." आणि हे गुप्तदान त्यांनी दुपारपर्यंत बारा घरी पोचवले.

रणजीत सरांचे निदान वेगळे. "नगरपालिका!" ते कुजबुजले. "उभं राहायचा इचार दिसतो. तांदळातून परचार चालू हाय."

दोन दिवसांत विश्वंभररावांच्या स्वयंपाकघरात वर्दळ सुरू झाली. बाया पदराखाली पुड्या घेऊन येत. साखर, रवा, पोहे. सगळे जास्त. गंगूताईंनी सुपारी आणली, तीही जास्त. मग त्यांनी कानातली कुडी काढून ठेवली. काटा शून्यावरून हलला नाही. त्या कुडीकडे आणि मग विश्वंभररावांकडे अशा काही नजरेने पाहत वर गेल्या, की सोनाराचा दोष त्यांच्या माथी आला.

आणि मग पलीकडच्या गल्लीतली गिऱ्हाइकेही फारुकभाईंकडे लोटली. त्यांनी तोलून दिले की लोक हात पुढेच ठेवत.

"काय पायजे?"

"ते वरचे चौऱ्याहत्तर."

"कायचे चौऱ्याहत्तर?"

"विश्वंभररावाला देता ना? आमी काय घोडं मारलं?"

त्या संध्याकाळी फारुकभाई दारात उभे राहिले. नेहमीसारखे "काय साहेब, जेवन झालं का" असे म्हणाले नाहीत. पांढऱ्या दाढीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "विश्वंभरराव, माझ्या मापात खोट हाय म्हणून सांगून राहिलात लोकायला?"

"खोट?" विश्वंभरराव गडबडले. "अहो, उलट! तुम्ही जास्त देता म्हणतोय. तारीफ करून राहिलोय तुमची."

"तारीफ?" फारुकभाई खाली बसले नाहीत. "अब्बानं भिताडावर काय लिवलं? जास्त लिवलं का? बराबर लिवलं. कमी देनारा चोर, अन् जास्त देनारा येडा. दोघायचं माप खोटंच. तीस साल झाले, कोनी मला चोर म्हनलं न्हाई. आता समदी कॉलनी येडा म्हनून राहिली."

"तसं नव्हतं हो मनात..."

"मनातलं अल्लाला ठाऊक. फैसला व्हईपर्यंत तुमच्या घरी सुटं सामान देनार न्हाई. पाकिटबंद न्या." आणि ते निघून गेले.

पाकिटबंद! ज्यांनी हिंगोलीत संसार केला नाही त्यांना हा शब्द लागणार नाही. फारुकभाई नीलाबाईंना तांदूळ ओंजळीत घेऊन दाखवत, "हा जुना हाय ताई, मोकळा व्हतो," असे सांगत. अनुश्री लहान असताना पुडीवर गुळाचा खडा ठेवत. आता नीलाबाई त्याच दुकानातून प्लॅस्टिकच्या पिशव्या आणू लागल्या आणि फारुकभाई दुसरीकडे पाहत त्या देऊ लागले. घरी आल्यावर नीलाबाई बोलत नसत. याचा अर्थ काय, तो वर येऊन गेलाच आहे.

तिसऱ्या दिवशी विश्वंभरराव स्वतः दुकानात गेले. "चला," ते म्हणाले, "वजनमापाच्या कार्यालयात जाऊ. तुमचाही काटा नेऊ, माझाही नेऊ. दूध का दूध."

फारुकभाईंनी त्या दिवशी दुकान बंद ठेवले. एरवी ते फक्त ईदला बंद असे. स्कूटरवर पुढे विश्वंभरराव, मागे फारुकभाई, त्यांच्या मांडीवर दुकानाचा मोठा काटा आणि त्या काट्यावर, लेकरासारखा, घरचा छोटा काटा. वाटेत गतिरोधक आला की फारुकभाई फक्त "आस्ते" म्हणत, तेही काट्यांना.

कार्यालयातले साहेब सभ्य होते. त्यांनी मखमलीच्या पेटीतून पितळी वजने काढली, हातरुमालाने धरून एकेक फारुकभाईंच्या काट्यावर ठेवली, वहीत लिहिले आणि म्हणाले, "एकदम बरोबर. शिक्काही चालू वर्षाचा आहे."

फारुकभाईंनी हे ऐकले आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

"आता हा," विश्वंभररावांनी छोटा काटा पुढे केला.

साहेबांनी तो उलटा केला आणि मागचा कागद वाचला. "हा घरगुती आहे. व्यापारासाठी नाही, असं लिहिलंय. याची पडताळणी होत नाही."

"पडताळणी नको. ते पितळी वजन एकदा नुसतं ठेवा यावर."

"ठेवता येईल. पण मग पडताळणी झाली असं होईल."

"लिहू नका कुठं."

"न लिहिता केली तर ती झालीच नाही. मग करून काय उपयोग?"

विश्वंभररावांनी काटा परत उचलला. हे उत्तर त्यांना कुठेतरी ऐकल्यासारखे वाटले. मग आठवले. ते स्वतःच सत्तावीस वर्षे लोकांना हे देत आले होते. समोरून ते इतके गुळगुळीत लागते, याची त्यांना कल्पना नव्हती.

परतल्यावर निकाल कॉलनीत कळला आणि प्रकरण मिटायच्या ऐवजी पक्के झाले. "म्हंजे काटा बराबर हाय," रणजीत सर बोटे मोजीत म्हणाले, "तरी माल जास्त भरतो. म्हंजे चुकून न्हाई, जानूनबुजून देऊन राहिले. मी म्हनलं नव्हतं? नगरपालिका!" गंगूताईंनी तर वॉर्डसुद्धा ठरवला. फारुकभाईंच्या दुकानावर दोन कार्यकर्ते येऊन, कोणत्या पक्षाकडून, असे विचारून गेले.

त्याच रात्री, जेवायच्या वेळी, दार वाजले. पंखा बंद होता, ताटात चाळीस ग्रॅम होते. फारुकभाई आत आले. हातात मिठाची एक किलोची, कंपनीची, सील केलेली पिशवी.

"ठिवा," ते म्हणाले.

विश्वंभररावांनी ताटली बाजूला केली आणि पिशवी ठेवली. एक हजार ऐंशी.

"आता हा कंपनीवाला काय माझा चुलतभाऊ हाय?" फारुकभाई म्हणाले. "का त्यालाबी नगरपालिका लढवायची हाय?"

नीलाबाईंनी उठून पंखा लावला.

"कशावर जुळवला हा काटा?"

विश्वंभरराव मागच्या दाराशी गेले. वजन उचलताच दार धाडकन लागले. त्यांनी ते फारुकभाईंच्या हातात दिले. फारुकभाईंनी ते तळहातावर झेलून पाहिले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. एकतीस वर्षे ज्याने किलो उचलला, त्याच्या हाताला फसवता येत नाही. ते मोरीपाशी गेले, नळाखाली धरून घासणीने वजन घासले, दिव्याखाली आणले, आणि ती वेलबुट्टी उजवीकडून डावीकडे बोट फिरवीत वाचू लागले.

"सरकार-ए-आली," ते म्हणाले. "एक सेर."

"काय?"

"शेर हाय साहेब हा. निजामाच्या टायमाचा, पक्का शेर. ऐंशी तोळे. नऊशे तेहतीस ग्रॅम भरतो, त्यातबी थोडा गंजानं खाल्ला असंल. किलो न्हाई ह्यो. ह्याच्यावर लिवलंय ना, उर्दूत."

विश्वंभररावांनी ती नक्षी लहानपणापासून पाहिली होती. तिच्यावर पाय ठेवून चपला घातल्या होत्या. ती कोणाला वाचायला द्यावी असे त्यांच्या मनात आले नव्हते, आणि ज्याला ती वाचता येत होती तो माणूस एकतीस वर्षे गल्लीच्या तोंडाशी बसलेला होता.

"म्हणजे काटा आधी बरोबर होता," ते बसक्या आवाजात म्हणाले. "मी तो... दुरुस्त केला."

"व्हय," फारुकभाई म्हणाले.

"फारुकभाई, चुकलं माझं. उद्या सगळ्या कॉलनीसमोर सांगतो."

"सांगू नका कोनाला," फारुकभाई घाईने म्हणाले. "तुमी सांगितलं की काय व्हतं ते पायलं म्या. गंगूताईला तेवडं एकलीला सांगा. दुपारपर्यंत पोचतं." आणि त्यांनी खिशातून आपले शिक्क्याचे एक किलोचे वजन काढले. "घ्या, आता जुळवा. अन् उद्या थैली घिऊन या. जुना तांदूळ आलाय."

नीलाबाईंनी चहा टाकला. काटा जुळला. मिठाची पिशवी पुन्हा ठेवली, एक हजार पाच. पाच ग्रॅमची पिशवी. विश्वंभररावांना अर्ध्या लिटर दुधाची आठवण झाली, पण त्यांनी ती बोलून दाखवली नाही. नीलाबाईंनीही नाही.

मग त्यांनी नव्याने जुळवलेल्या काट्यावर आपल्या ताटलीतला भात ठेवला. सदतीस. तीन आठवडे ते दर जेवणाला तीन ग्रॅम कमी खात आले होते. त्यांनी पातेल्यातून मोजून तीन ग्रॅम काढले आणि ताटलीत घातले. शास्त्राने शेवटी काहीतरी परत दिले होते.

फारुकभाई चहाचा कप हातात धरून त्या ताटलीकडे पाहत राहिले. "हे काय हाय?"

"माझा भात. चाळीस ग्रॅम. डॉक्टरांनी सांगितलाय."

"एवडासा?" फारुकभाई म्हणाले. त्यांनी तीस वर्षांत लोकांची भूक किलोने पाहिली होती. "चाळीस ग्रॅम, ते कच्च्याचं का शिजल्याचं? कच्चा चाळीस घेतला तर शिजून शंभराच्या वर जातोय."

विश्वंभररावांनी फ्रिजकडे बोट दाखवले. तिथे कागद होता, तांबडी रेघ होती, सगळे रीतसर होते. नीलाबाई उठल्या, फ्रिजपाशी गेल्या आणि त्यांनी तळाशी दाबलेले गणपतीचे चुंबक काढले.

चुंबकाखाली छापलेले होते : 'सर्व वजने कच्च्या धान्याची.'